राममूर्तींच्या आधीचे एक्कावन्न हजार

सर्व्हरच्या खोलीत एक सर्व्हर होता, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, तीन पंखे आणि सतरा वायरी. पंख्यांपैकी दोन फिरत होते. वायरींपैकी अकरा दोन्ही टोकांना कुठे ना कुठे जोडलेल्या होत्या. उरलेल्या सहांचं एकेकच टोक सापडलं, दुसरं भिंतीत गेलं होतं. कपाटात मातीच्या नमुन्यांच्या रिकाम्या कापडी पिशव्या होत्या, दोनशे चाळीस. श्रीविद्याने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. जिथे काही मोजायचं असेल तिथे आधी काय काय आहे ते लिहावं, असं तिला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं शिकवलं होतं, आणि ते विसरायला अजून पुरेसा वेळ मिळाला नव्हता.

"मला नाही मोजलंस?" दुसऱ्या खुर्चीतून वरुणराव म्हणाले.

"तुम्ही सामानात येत नाही, मामा."

"शुक्रवारपासून येईन की."

ती मंगळवारची सकाळ होती. तंजावरातल्या त्या खासगी माती परीक्षण केंद्रात आसपासच्या गावांचे शेतकरी पिशवीत माती घेऊन येत, आणि त्यांच्या जमिनीत क्षार किती, चुना किती, खत कोणतं घालावं याचा कागद घेऊन जात. अकरा वर्षांचे हे सगळे कागद त्या सर्व्हरमध्ये होते, आणि अकरा वर्षं सर्व्हर वरुणरावांच्या ताब्यात होता. अलीकडे तक्रार अशी होती की काउंटरवर शेतकऱ्याचा नंबर घातला की त्याचं कार्ड उघडायला चौदा सेकंद लागतात. केंद्राचे सचिव नटराज यांनी त्यावर निर्णय घेतला होता. सर्व्हर म्हातारा झाला. तो भंगारात द्यावा, माहिती चेन्नईतल्या भाड्याच्या मशीनवर न्यावी, आणि सांभाळायला काही उरत नसल्यामुळे वरुणरावांना ओरत्तनाडूच्या उपकेंद्रात पिशव्या लावायला पाठवावं. हुकूम टाइप झाला होता. शुक्रवारी अकरा वाजता सही होती. हुकुमाला एक जोडपत्र लागतं म्हणून सर्व्हरचा वेग मोजून एका पानावर लिहून द्यायचं काम श्रीविद्याकडे आलं. ती चार महिन्यांपूर्वी लागली होती, आणि तिला मोजायला आवडतं हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

वरुणराव तिरुवैयारूला राहत. त्यांचे वडील एकोणनव्वद वर्षांचे होते आणि समोर वरुणराव बसले असतील तरच जेवत. जेवायची वेळ सहा. सहा वाजून गेले की ते "झालं माझं" म्हणून झोपायला जात, मग ताट भरलेलं असो वा नसो. एकदा वरुणरावांच्या जागी त्यांची बायको सुंदरी बसून पाहिली. म्हाताऱ्याने तिला मोठ्या अदबीने विचारलं, आपण कोणाकडच्या, आणि ताट बाजूला सारलं. एकोणतीस वर्षं सून असलेल्या सुंदरीने ताट उचलून नेलं. केंद्रातून पावणेपाचला निघालं की वरुणराव साडेपाचला घरी पोचत. ओरत्तनाडूहून दोन बस लागतात. मागच्या आठवड्यात त्यांनी रजा काढून तोही प्रवास करून पाहिला होता, घड्याळ लावून. पोचायला सात वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि त्या दिवशी म्हातारा उपाशी झोपला होता.

"सर्व्हर हळू नाही ग," ते म्हणाले.

"किती हळू नाही?"

"फार."

श्रीविद्याने हे वहीत लिहिलं नाही.

दोघं आपसात मराठी बोलत, पूर्वजांनी आणलेली आणि इथेच मुरलेली. ती लिहिता दोघांपैकी एकालाही येत नव्हती. वही इंग्रजीत होती.

तिने आधी सर्व्हरलाच विचारलं. काउंटरवरून कार्ड मागितलं की त्या कामावर सर्व्हर प्रत्यक्ष किती राबतो याचा हिशेब तो स्वतः ठेवतो. आकडा आला २१२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहून जरा जास्त. दुपारी ती हा आकडा घेऊन नटराजांकडे गेली.

नटराजांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे कोणी सांगितलं?"

"सर्व्हरने, सार."

"सर्व्हर म्हणतो, सर्व्हर जलद आहे." त्यांनी कागद परत केला. "परीक्षेच्या आदल्या दिवशी पोराला विचारून बघ, अभ्यास झाला का. काउंटरवर बसून मोज. जो वाट बघतो त्याच्या बाजूने मोज."

बोलण्यात दोष काढायला जागा नव्हती. श्रीविद्या बुधवारी सकाळी काउंटरवर जाऊन बसली.

काउंटर कनकलता अक्कांचं होतं. एकोणतीस वर्षं त्या तिथे होत्या, पैकी पहिली अठरा कागदी रजिस्टरवर. मशीनला नंबर दिला की कार्ड येईपर्यंत त्या मांडीवरच्या परडीतली जाईची फुलं दोऱ्यात गाठ मारून गुंफत. रिकामा बसलेला हात त्यांना बघवत नसे.

"कार्ड यायला किती वेळ लागतो, अक्का?"

"नऊ गाठी."

श्रीविद्याने घड्याळ लावून एक गाठ मोजली. दीड सेकंद. "नेहमी नऊ?"

"नव्या माणसाला नऊ. जुन्याला दोन, तीन. अगदी सुरुवातीच्या माणसांचं तर फूल उचलेपर्यंत येतं."

"जुन्यांचं लवकर येतं?"

"जुन्यांना मान असतो," अक्का म्हणाल्या. "मला वाटलं, तशी रीत घातली असेल आत."

"हे कोणाला सांगितलं नाही तुम्ही?"

"मान दिला तर त्यात तक्रार काय करायची?"

काउंटरपुढे त्या वेळी राममूर्ती नावाचे एक शेतकरी उभे होते, तिरुवैयारूच्या अलीकडच्या गावचे. कालच माती देऊन गेले होते, म्हणजे सगळ्यांत नवे. नंबर ५१,२०७. श्रीविद्याने त्यांची परवानगी घेतली आणि त्यांचाच नंबर मोजायला धरला. काउंटरचा प्रोग्राम सर्व्हरला जो प्रश्न पाठवतो तो तिने अक्षरशः उचलला, सर्व्हरला थेट प्रश्न विचारता येतात त्या खिडकीत डकवला, आणि तिथला एक पर्याय चालू केला. तो चालू असला की उत्तराखाली एक तक्ता येतो. सर्व्हरकडे किती फेऱ्या झाल्या, किती ओळी परत आल्या, किती माहिती वाहून आली, आणि वेळ कुठे गेला. हे सगळं विचारणाऱ्याच्या बाजूने मोजलेलं. दर वेळी प्रश्न पाठवला की तक्त्यात नवा रकाना पडतो, शेवटी सरासरी. रकाने दहाच राहतात. अकरावा आला की पहिला गळतो.

पहिला रकाना पडला तेव्हा वरुणराव मागे येऊन उभे होते.

"वेळेचे दोन भाग आहेत, मामा. हा पहिला, सर्व्हरकडून उत्तराची सुरुवात होईपर्यंतचा. हा दुसरा, सुरुवात झाल्यापासून उत्तर संपेपर्यंतचा."

"म्हणजे पान मांडल्यापासून मीठ पडेपर्यंत एक."

"हो."

"आणि मीठ पडल्यापासून ताक येईपर्यंत दुसरा."

"बरोबर. पहिला सर्व्हरचा. दुसऱ्यात वाढपीही आले आणि जेवणाराही. वायर आणि हे काउंटरचं मशीन, दोन्ही."

"मीठ कधी पडलं ते सांग."

"एक्केचाळीस मिलिसेकंद."

"आणि ताक?"

"तेरा हजार सहाशे बासष्ट."

वरुणरावांनी काउंटरच्या कडेला हात टेकला. "जेवायला बसलंय कोण, एक राममूर्ती?"

ते विचारायच्या आतच श्रीविद्याची नजर तक्त्याच्या वरच्या भागावर गेली होती. फेरी एक. वाहून आलेली माहिती, तीन कोटी सात लाख बाइट. परत आलेल्या ओळी, ५१,२०७.

"अम्मा," राममूर्ती म्हणाले, "माझी जमीन दीड एकर आहे."

तिने आणखी आठ वेळा तोच प्रश्न पाठवला, कारण एकदा आलेला आकडा हा आकडा नव्हे. सगळे तेरा हजार सहाशे ते तेरा हजार आठशेच्या मध्ये आले. मग दुसरी खिडकी उघडून नंबर बदलून पाहिले. हजाराव्या शेतकऱ्याला २७० मिलिसेकंद, दहा हजाराव्याला २,६९०, पंचवीस हजाराव्याला ६,७१०. मीठ मात्र दर वेळी चाळीसच्या आसपासच. वहीतल्या आलेखाच्या पानावर ठिपके मांडले तर पट्टी ठेवून रेघ ओढता येत होती. प्रोग्राम एका माणसाचं कार्ड मागताना पहिल्या नंबरापासून त्या माणसापर्यंत सगळ्यांची कार्डं मागत होता, सगळी काउंटरवर आणत होता, आणि पडद्यावर फक्त पहिलं आणि शेवटचं दाखवत होता.

"पहिलं?" वरुणराव म्हणाले. "पडद्यावर पहिलं कुठे आहे?"

श्रीविद्याने बोट दाखवलं. राममूर्तींच्या कार्डाच्या डोक्यावर हळदी रंगाची पट्टी होती आणि पट्टीत पिळ्ळैयार सुळी, तमिळ 'उ'सारखं ते वळण, जे पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या नावाने कुठल्याही लिखाणाच्या माथ्यावर काढतात. अकरा वर्षं बघणारे तिला नक्षी समजत होते. ती नक्षी नव्हती. ती नोंद क्रमांक एक होती. नाव: ती सुळी. गाव: रिकामं. क्षेत्र: शून्य. मातीचा सामू: ७.०, म्हणजे आम्ल नाही आणि अल्कही नाही. प्रोग्राम ती जागा रिकामी सोडू देत नव्हता म्हणून कोणीतरी विचार करून भरलेला.

प्रोग्राम लिहिणारे शिवकुमार आता तिरुच्चीत नोकरीला होते. दुपारी श्रीविद्याने त्यांना फोन लावला.

"अजून तोच चालतो?" शिवकुमारांना आनंद झाला.

"चालतो, सार. पहिल्यापासून सगळ्या ओळी का मागवल्यात?"

"नटराज सारांनी सांगितलं म्हणून. उद्घाटनाच्या दिवशी. कागदी रजिस्टरच्या पहिल्या पानावर सुळी असते, तशी इथे पहिली नोंद सुळीची हवी. आणि पहिलं पान उघडल्याशिवाय कोणत्याही शेतकऱ्याचं पान उघडायचं नाही. म्हणून पहिल्या पानापासून निघून शेतकऱ्याच्या पानापर्यंत जायचं."

"मधली सगळी पानं उलटत?"

"तेव्हा चाळीसच शेतकरी होते, म्मा."

शुक्रवारी अकरा वाजता नटराज हुकूम आणि पेन घेऊन स्वतः काउंटरवर आले. वाट बघणाऱ्याच्या बाजूने मोज असं त्यांनीच सांगितलं होतं. कनकलता अक्का खुर्चीत होत्या, वरुणराव भिंतीला लागून उभे होते, आणि राममूर्ती आपल्या कागदावर शिक्का घ्यायला आले होते. श्रीविद्याने आलेखाचं पान दाखवलं आणि शिवकुमारांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. नटराजांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे पिळ्ळैयारमुळे उशीर होतो, असं तुझं म्हणणं."

"नाही सार. पिळ्ळैयार एक्केचाळीस मिलिसेकंदांत येतात. त्यांच्यामागून जे एक्कावन्न हजार दोनशे पाच लोक येतात त्यांना तेरा सेकंद लागतात. मग राममूर्ती."

"मी त्यांना बोलावलं नाही," राममूर्ती म्हणाले.

"पहिलं पान वगळायचं नाही," नटराज म्हणाले. "ते मी होऊ देणार नाही. माझ्या वडिलांनी वगळलं नाही, मीही वगळणार नाही."

"वगळायचं नाहीच, सार. पहिलं मागायचं आणि राममूर्तींचं मागायचं. मधली नको."

"मधली न उलटता चालतं का?" नटराजांना हा प्रश्न खरोखर पडला होता. त्यांनी वरुणरावांकडे पाहिलं. अकरा वर्षांत हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

कनकलता अक्कांनी परडी बाजूला ठेवली. टेबलाच्या खालच्या खणातून त्यांनी जुनं कागदी रजिस्टर काढलं, काउंटरवर ठेवलं, पुट्ठा उघडला, पहिल्या पानावरच्या सुळीला बोटं लावून डोळ्यांना लावली. मग अंगठा घालून रजिस्टर एकदम मधोमध उघडलं.

सगळ्यांनी ते पाहिलं.

"असंच करायचात?" नटराज म्हणाले.

"अठरा वर्षं."

"मधली पानं?"

"मधली त्यांची त्यांची," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या मातीत मी कशाला हात घालू?"

नटराजांनी रजिस्टर मिटलं आणि स्वतः एकदा तसंच उघडून पाहिलं. "कर," ते श्रीविद्याला म्हणाले.

बुधवारचे नऊ रकाने खिडकीत तसेच होते. तिने त्याच खिडकीत प्रश्न बदलला. एकाच फेरीत दोन मागण्या, नोंद एक आणि नोंद ५१,२०७. पाठवला. कार्ड आलं. अक्कांचा हात परडीपर्यंत पोचला होता, तो तिथेच राहिला.

नटराज मात्र तक्त्यावर वाकले होते. त्यांचं बोट सरळ शेवटच्या रकान्यावर गेलं. "बारा हजार तीनशे चौतीस."

"ती सरासरी आहे, सार. तिच्यात बुधवारचे नऊ जुने आहेत. आत्ताचा हा, त्रेचाळीस."

"मी सरासरी बघतो."

"जुने पुसता येतात. इथे एक पर्याय आहे."

"पुसता येतात?" नटराज ताठ झाले. "शेताच्या पाच जागांची माती एकत्र करून आपण एक आकडा देतो. एक जागा खारट निघाली म्हणून शेतकऱ्याने ती माती फेकून दिली तर तू पिशवी घेशील?"

"नाही घेणार."

"मग?"

"पण ही दुसऱ्या शेताची माती आहे, सार."

"पिशवी तीच आहे," नटराज म्हणाले. "पुसायचं नाही. काय मोजायचं ते याच पिशवीत मोज. सरासरी एका सेकंदाच्या आत आली तर हा हुकूम मी इथेच फाडतो. नाही आली तर सही. सगळ्यांसमोर सांगतो."

श्रीविद्याने वरुणरावांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ती त्यांची सवय झाली होती. श्रीविद्या पुन्हा पडद्याकडे वळली आणि तिने प्रश्न पाठवला. सर्वांत जुना रकाना गळला, नवा पडला. सरासरी दहा हजार नऊशे अडुसष्ट. पुन्हा. नऊ हजार सहाशे दोन.

"उतरतंय की," वरुणराव हळूच म्हणाले.

"ताप पण उतरतो," नटराज म्हणाले. "माणूस उठून बसला पाहिजे."

चौथ्याला आठ हजारांच्या वर. पाचव्याला सहा हजार आठशे सत्तर. दर वेळी पडद्यावर हळदी पट्टी आणि खाली राममूर्तींचं नाव येत होतं.

"अम्मा," राममूर्ती म्हणाले, "माझं नाव सारखं सारखं येतंय. माझ्या मातीत काही निघालं का?"

"तुमची माती चांगली आहे, अय्या. जरा जिप्सम घाला."

सहावा. सातवा. आठव्याला दोन हजार सातशे पंच्याहत्तर. नटराजांनी पेनाचं टोपण काढून काउंटरवर ठेवलं होतं. पेन हातातच होतं. नवव्याला ते पुन्हा वाकले आणि एकेक आकडा बोट ठेवून वाचला.

"एक हजार चारशे नऊ. सेकंदाच्या वर."

तक्त्यात आता बुधवारचा एकच रकाना उरला होता, डावीकडून पहिला, तेरा हजार सातशे चारचा.

"अजून एकदा, सार," श्रीविद्या म्हणाली.

"किती वेळा?"

"एकदाच. दहा रकाने झाले की थांबते."

नटराजांनी पेन खाली ठेवलं आणि हुकुमाचा कागद दोन्ही हातांत धरला, वरच्या कडेला, मधोमध. "पाठव," ते म्हणाले.

तिने पाठवला. फेऱ्या एक. मागण्या दोन. परत आलेल्या ओळी दोन. उत्तराच्या सुरुवातीपर्यंत सरासरी ४०.९ मिलिसेकंद, त्यानंतर उत्तर संपेपर्यंत १.७. एकूण वेळ, दहा रकान्यांची सरासरी, ४२.६ मिलिसेकंद.